गळक्या नळाची तिसरी रेकॉर्ड

११ मार्च

ताई,

नमस्कार. तू बरी असशील, दुकान चालू असेल, आणि पाना सापडत नाही म्हणून सकाळपासून दोघातिघांवर ओरडून झालं असेल, असं धरून चालतो. मी बरा आहे. पत्र लिहायला काही कारण नाही, असं आधी लिहिलं होतं. मग मीच म्हटलं, कारण नाही तर दोन वर्षं तोंड शिवून बसलेला माणूस आज कागद कशाला नासतोय? म्हणून खोडलं. खोडलेलं दिसत असेल तर वाचू नकोस.

फोन करणार होतो. दोनदा केलाही. तू 'हॅलो, कोण?' म्हणालीस आणि मी ठेवून दिला. दिवाळखोर अक्कल, दुसरं काय. पत्राचं बरं असतं, समोरचा 'कोण?' विचारत नाही. पत्ता शोधावा लागला नाही. दुकानाची पाटी मीच रंगवली होती ना! शेवटचं अक्षर मावलं नाही म्हणून खाली लोंबकळत ठेवलं होतं. अजून लोंबकळतंय का?

मी सध्या चादरी धुतो. हसू नकोस. मोठी लाँड्री आहे, हॉटेलांच्या चादरी येतात, रोज डोंगर येतो आणि रोज डोंगर जातो. याआधी खोकी चिकटवली, मग बाटल्या भरल्या, मग एका गोदामात ट्रॉली ढकलली. कुठेही पाच महिन्यांच्या वर बूड टेकलं नाही. इथे मात्र नववा महिना चालू आहे. कारण सांगतो. चादरी दाबायचा एक भला मोठा गरम रूळ आहे. तो फिरताना धप्‌-सुंई, धप्‌-सुंई करतो. दिवसभर. बाकीच्यांचं त्यानं डोकं उठतं, माझे हात उठतात. पहिल्याच आठवड्यात मी साबणाच्या रिकाम्या पिंपावर सुरू झालो. मुकादमबाई आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ते पिंप फुटलं तर त्यावर तुझी कातडी ताणून बसवीन."

मी म्हटलं, "बाई, आवाज चांगला येईल."

त्या हसल्या नाहीत. पण पिंपही काढून नेलं नाही.

रुळावर एक म्हातारे काका आहेत, इस्त्रीवाले काका म्हणतात सगळे. वीस वर्षं तिथे उभे आहेत, पाठीला चादरीसारखी घडी पडलीय. त्यांनी डबा खाताना विचारलं, "काय रे, बँडबिंडमध्ये होतास काय?"

माझ्या तोंडून निघालं, "होतो नाही काका. आहे."

झालं. एवढ्या एका शब्दानं सगळा घोळ केला.

मग मी सांगत सुटलो. की आमच्या बँडचं नाव 'गळका नळ'. की आम्ही एका प्लंबरच्या दुकानामागच्या खोलीत वाजवतो, आणि त्या खोलीत एक नळ गळतो, आणि प्लंबरच्या दुकानातच नळ गळतो म्हणून अख्खी गल्ली हसते, पण तो कुणी दुरुस्त करायचा नाही असा भोंग्याचा हुकूम आहे, कारण नळाची ठिबक हाच आमचा ताल. गाणं सुरू करायच्या आधी सगळ्यांनी गप्प राहून चार थेंब ऐकायचे, पाचव्या थेंबाला सुरू. काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आणि हा भोंगा कोण?" म्हणाले. मी म्हटलं, "आमचा गाणारा. तो घरात गायला लागला की रस्त्यावरचे लोक घड्याळं लावतात."

दुसऱ्या दिवशी काकांनी चार जण गोळा करून आणले. "ऐका, ऐका, याच्या बँडची गंमत ऐका."

ताई, मी त्यांना तो ट्रक सांगितला नाही. माझ्या गोष्टीत ट्रकवाला त्या दुपारी वाटेत चहाला थांबला. पाचच मिनिटं. तेवढ्यात भोंगा गिटारच्या तारा घेऊन, स्कूटरवरून वळण पार करून, शीळ घालत दुकानात परत आला. आणि मग तिथून पुढे सगळं सुरळीत चालू झालं बघ.

आता रोज डब्याच्या वेळेला मला पुढचं सांगावं लागतं. पहिली रेकॉर्ड निघाली, नाव 'वरची टाकी'. आम्ही गावोगाव फिरलो, पाइप न्यायच्या टेम्पोतून. एका गावी लोकांनी माझा ड्रम समजून पाण्याची टाकीच स्टेजवर चढवली, आणि मी ती वाजवली, आणि तोच कार्यक्रम सगळ्यात गाजला. दुसरी रेकॉर्ड 'गरम पाणी येत नाही'. ती रेडिओवर लागली. भोंगा जरा जाड झाला, त्याला मुलाखतीला बोलावलं, तिथे त्यानं अर्धा तास नळाबद्दलच सांगितलं. मला पांढरे बूट घ्यायची हुक्की आली, त्यावरून भोंग्यानं मला सहा महिने छळलं.

खोटं आहे, मला माहीत आहे. पण ताई, सांगताना खोटं वाटत नाही. चादरी दुमडताना मी पुढच्या भागाचा विचार करतो आणि एकटाच फिदीफिदी हसतो. दोन वर्षांत हसलो नव्हतो.

एवढंच कळवायचं होतं. उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण पत्ता मागच्या बाजूला नीट लिहिलाय.

तुझा,
ठोंब्या


२ मे

ताई,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. मी ते लाँड्रीच्या दारातच वाचलं आणि उभ्या उभ्या दोन चादरी चिखलात पाडल्या. मुकादमबाईंनी माझ्या सात पिढ्यांची धुलाई केली. तरी मी हसतोय बघून म्हणाल्या, "लग्न ठरलं काय?"

दोन वर्षांनंतर तुझं काय उत्तर येईल याचे मी शंभर अंदाज बांधले होते. शिव्या येतील असं वाटलं होतं. पण 'तो जाड झाला नसता. आमच्या घरात कुणी जाड नाही. केस मात्र गेले असते, बाबांचे पस्तिशीत गेले होते', हे तुझ्या भावाबद्दल येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. तू पण ना!

लगेच दुसऱ्या दिवशी दुरुस्ती केली. सांगितलं की भोंगा आता बारीक झाला. काका म्हणाले, "एका रात्रीत?" मी म्हटलं, "कावीळ झाली होती." सगळे इतके हळहळले की मला त्याला डब्याची सुट्टी संपायच्या आत बरा करावा लागला. केस मात्र गेले ते गेले. आता तो टोपी घालून गातो. वाऱ्यानं टोपी उडते, पुढच्या रांगेतले लोक ती झेलतात आणि परत देत नाहीत. दर कार्यक्रमाला नवी टोपी. काकांनी मला त्यांची एक जुनी टोपी दिली. "त्याला दे," म्हणाले. "माझ्या काय डोक्यावर राहिलंय?" ताई, ती टोपी माझ्या खोलीत खुंटीवर आहे. तिचं काय करायचं कळत नाही.

तिसऱ्या रेकॉर्डपाशी गाडी अडलीय. आमची भांडणं झाली, हे मी आधीच सांगून बसलोय. बँड म्हटलं की भांडणं हवीतच, त्याशिवाय लोकांना खरं वाटत नाही. भांडण कशावरून ते तुला सांगायला नको. 'उद्या दुरुस्त करू.' तेच गाणं.

छप्पर गळतं, गळू दे,
भिंत पडू दे, पडू दे,
उद्या दुरुस्त करू, राणी,
आज जरा बसू दे.

भोंग्याला ते नळाच्या चालीनं हवं होतं, थेंबाथेंबानं. आणि मी पळायचो. दुसऱ्या कडव्यापर्यंत माझा घोडा चौखूर. तो मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "ठोंब्या, पाणी चोरीला चाललंय काय? थेंब पडू दे की." आणि मी ओरडायचो, "आधी तो नळ दुरुस्त करा, मग मी वाजवतो!" चार वर्षं ओरडलो. तू पाना पुसत म्हणायचीस, 'उद्या...' जाऊ दे. तू काय म्हणायचीस ते तुला माहीत आहे.

तर गोष्टीत मी रागावून बँड सोडला. पांढरे बूट घालून दुसऱ्या बँडमध्ये गेलो. तिथे सगळं झटपट होतं, तालाला मशीन होतं, नळ नव्हता. अकरा महिने राहिलो आणि कंटाळून मेलो. मग एक दिवस परत आलो. खोलीच्या दाराशी उभा राहिलो. इथवर सांगितलंय. सगळे विचारतात, मग? मी म्हणतो, घंटा झाली, उद्या.

असं नऊ दिवस 'उद्या' चाललंय.

तुझ्या कार्डाच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'आणि बास गिटार कोण वाजवतं?'

गंमत म्हणजे काकांनीही त्याच आठवड्यात तेच विचारलं. "एक गातो नि गिटार वाजवतो, एक ठोकतो. मग तो खालचा धुम्‌धुम्‌ आवाज कोण काढतं?" मी म्हटलं, "आहे एक जण." ते म्हणाले, "नाव नाही का त्याला?" मी डबा धुवायला उठलो.

कागद संपत आलाय, म्हणून इथेच थांबतो. म्हणजे मागची बाजू कोरी आहे, पण शाई पलीकडे उमटते.

तुझा,
ठोंब्या

दुकानातली मांजर आहे का अजून?


२७ जून

ताई,

नमस्कार. आज दोन्ही बाजूंनी लिहिणार आहे.

गेल्या महिन्यात मुकादमबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "लाँड्रीला पंचवीस वर्षं झाली. जूनच्या तिसऱ्या रविवारी दुपारी मागच्या अंगणात सगळ्यांचा मेळावा आहे. मालकांना सांगितलंय, आपल्या पोराचा बँड येणार."

मी हातातली दुमडलेली चादर पुन्हा दुमडली. म्हटलं, "बाई, ते फार बिझी असतात."

"मग मी बोलते त्यांच्याशी. नंबर दे भोंग्याचा."

ताई, त्याचा नंबर माझ्याकडे अजून आहे. मी तो उघडून बघत बसलो. आणि मग साबणाच्या पिंपावर बसून सगळं सांगून टाकलं. वळण, ट्रक, तारांचं पुडकं. की रेकॉर्ड एकही नाही. की टेम्पो नाही, टाकी नाही, टोपी नाही. सगळं सांगेपर्यंत रूळ बंद करून माणसं भोवती जमली होती. मी मान वर केली नाही. वाटलं, आता बॅग भरायची. मला बॅग भरायची सवयच आहे.

मुकादमबाई म्हणाल्या, "मला दुसऱ्या रेकॉर्डलाच कळलं होतं."

मी म्हटलं, "कसं?"

"जिवंत माणसाबद्दल इतकं गोड कोण बोलतं? खरा गायक असता तर तू रोज त्याला शिव्या घातल्या असत्यास."

इस्त्रीवाले काका मात्र भडकले. "मला नव्हतं कळलं! मला कुणी सांगितलं का नाही?" मग ते रडायलाच लागले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. आणि रडता रडता एकदम थांबून म्हणाले, "म्हणजे त्याला कावीळ झालीच नव्हती?"

"नाही काका."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि आमची सगळ्यांची जी हसायला सुरुवात झाली ती मालक बघायला येईपर्यंत. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, चादरींना पुसतोय.

मग मुकादमबाई म्हणाल्या, "बरं, मग पुढे?"

"पुढे काय?"

"दाराशी उभा राहिलास तिथं गोष्ट थांबलीय. आत गेलास की नाही? आम्ही तीन आठवडे ताटकळतोय."

ताई, तिथेच माझं अडलं होतं. कारण त्या दारामागे भोंगा नाही. तू आहेस. गोष्टीत भोंग्याला जिवंत करणं सोपं गेलं बघ. तुला आत आणता येईना.

आता लिहितो.

त्याला पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खोलीत आलो, तर आवाज येत नव्हता. तू नळाखाली बसली होतीस, पाना हातात, बाह्या भिजलेल्या. नळ कोरडा. चार वर्षं ज्या नळासाठी मी बोंबललो, तो तू दुरुस्त केला होतास. आणि मी तुला म्हणालो, 'त्याला ट्रकनं एकदा मारलं. तू दुसऱ्यांदा मारलंस.'

तू उठलीस. पाना खाली ठेवलास. मी निघालो. निघालो तो थांबलो नाही, खोकी, बाटल्या, ट्रॉली, कुठेच नाही.

मला तेव्हा कळलं नाही की त्या खोलीच्या भिंतीपलीकडे तू झोपतेस. पूर्वी ती ठिबक आम्हाला फक्त वाजवायच्या वेळी ऐकू यायची. तुला चोवीस तास. चार थेंब, आणि पाचव्याला कुणी गात नाही. परत चार थेंब. कोण सहन करेल? हे मला कळायला दोन वर्षं आणि धुतलेल्या चादरींचे डोंगर लागले. म्हणून तर लोक मला ठोंब्या म्हणतात.

चुकलो ताई. फार वाईट बोललो. तो शब्द परत घेता येत नाही, पण तो बोलणारा कबूल करतो की त्याला अक्कल नव्हती.

अजून एक आहे. चोरी. तू नळाचं जुनं रबरी वायसर काढून जमिनीवर टाकलं होतंस, झिजलेलं, एका बाजूनं कुरतडलेलं. निघताना मी ते उचललं. दोन वर्षं माझ्या खिशात आहे. चार वेळा पँटबरोबर धुतलं गेलंय.

तर मेळाव्याचं ऐक. लाँड्रीच्या मागच्या अंगणात एक नळ आहे. शनिवारी मी पाना आणून त्यात ते वायसर बसवलं. तू शिकवलेलं विसरलो नाही, आधी मेन कॉक बंद केला. (आधी विसरलो होतो. अंघोळ झाली.) मग चालू केला तर काय, थेंब धावतायत! तिथल्या पाण्याला जोर जास्त. माझ्यासारखा पळतोय नळ. कॉक जरा जरा फिरवत, कान लावून, तासभर बसलो. काका बाजूला उभे. "हा?" "नाही काका." "हा?" "जरा हळू." आणि मग एकदम तो आला, ताई. तोच. मी सांगायच्या आधीच काकांनी आपोआप टोपी काढली.

रविवारी दुपारी तीनशे माणसं, मी, साबणाची तीन पिंपं आणि एक गळका नळ. मालकांना वाटलं बँड यायचाय अजून. मुकादमबाईंनी सगळ्यांना गप्प केलं, त्यांना ते जमतं. चार थेंब ऐकले. पाचव्याला मी सुरू केलं, आणि गायला कुणीच नाही हे तेव्हा लक्षात आलं! मग मीच गायलो. माझा आवाज तुला माहीत आहे, तुटक्या पाइपातून हवा यावी तसा. दुसऱ्या ओळीला काका आले, तिसऱ्याला रुळावरच्या बायका, आणि 'उद्या दुरुस्त करू'ला अख्खं अंगण. रोज सांगून सांगून गाणं सगळ्यांना पाठ झालं होतं. आणि ताई, मी पळालो नाही. दुसरं कडवं आलं, गेलं, मी थेंबाबरोबरच होतो. पहिल्यांदाच. त्या चालीत किती जागा आहे ग! भोंगा बरोबर होता. मेला, नेहमी बरोबर असायचा.

फक्त खालचा धुम्‌धुम्‌ नव्हता. तीनशे माणसं गात होती तरी तो नव्हता हे मला सारखं ऐकू येत होतं.

गाणं संपल्यावर मुकादमबाई म्हणाल्या, "मग? आत गेलास का?"

मी म्हटलं, "जातोय. रजा द्या."

त्या म्हणाल्या, "रजा नाही. परत येऊन सगळं सांगणार असशील तर आठ दिवस देते." मग काकांकडे बघून म्हणाल्या, "आणि नाहीच आला परत, तर तिकडे रेकॉर्ड काढतोय असं समजू."

वायसर या पाकिटात घातलंय, हलवलंस तर कळेल. ते तुझं आहे, तुझ्या नळाचं. बसव म्हणून पाठवलेलं नाही. फेकून दे, माळ्यावर टाक, मांजरीला खेळायला दे. तो नळ तुझ्या भिंतीपलीकडे आहे, गळावा की नाही ते तूच ठरवायचं. मी परत तोंड घातलं तर पान्यानं हाण.

मी पुढच्या शुक्रवारी सकाळच्या गाडीनं उतरतोय. येताना काकांची टोपी आणतो. तुझा बास कुठे असेल, कुठल्या पाइपांखाली, मला माहीत नाही, पण तारा गंजल्या असतील म्हणून नव्या घेतल्यात. मीच आणतोय, चालत, फुटपाथवरून.

दाराशी आलो की जरा थांबेन. चार थेंब ऐकू आले तर पाचव्याला आत येईन. नाही आले, तर मनातल्या मनात चार मोजून आत येईन. सावकाश मोजेन.

आता न पळणारा,
तुझा
ठोंब्या